गोळ्या नियमित, रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी दुपारी चारला गळून का जायला होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, राहणार मानपाडा, नोकरी ऐरोलीच्या एका आयटी पार्कात. दीड वर्षापूर्वी अ‍ॅडिसनचं (मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे जीवनावश्यक संप्रेरक पुरेसं बनवत नाहीत, त्या आजाराचं) निदान झालं. हायड्रोकॉर्टिसोन १० मिलिग्रॅम सकाळी नाश्त्यानंतर, १० रात्री जेवणानंतर. फ्लुड्रोकॉर्टिसोन अर्धी गोळी सकाळी. सोडियम, पोटॅशियम ठीक. तरी सकाळी उठवत नाही, दुपारी चारच्या सुमारास अंगात त्राण राहत नाही, आणि शनिवार अख्खा झोपण्यात जातो. दगदगीच्या दिवशी अर्धी गोळी जास्त घेतली तर चालेल का, सासूबाई रोज नारळपाणी देतात ते चांगलंच ना, नवरात्राचे उपवास करावेत का, आणि नोकरी सोडावी का, असं विचारलंय.

नोकरीचा निर्णय तूर्त बाजूला ठेवा. तुमचा आजार नीट बसवलेल्या औषधावर कसा वागतो, हे अजून तुम्ही पाहिलेलंच नाही. तुमच्या मजकुरात मला सगळ्यात जास्त खटकलं ते गोळ्यांचं वेळापत्रक.

‘१-०-१, जेवणानंतर.’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आपल्याकडे केमिस्ट पाकिटावर हेच लिहून देतो, मग आत गोळी कशाचीही असो. अँटिबायोटिकला ते शोभतं. कॉर्टिसॉलचं तसं नाही. निरोगी माणसाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी पहाटे तीनच्या आसपास कॉर्टिसॉल वाढवायला लागतात, जाग येते त्या सुमाराला ते सर्वांत जास्त असतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास अगदी तळाला जातं. म्हणजे आपण डोळे उघडतो तेव्हा दिवसाची सोय शरीराने आधीच करून ठेवलेली असते. तुमच्या ग्रंथी हे करत नाहीत, म्हणून ते गोळीने करायचं. आणि हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे गोळीतलं कॉर्टिसॉल, एक स्टेरॉइडच, अंगात फार टिकत नाही. रक्तातली पातळी साधारण दर दीड तासाला निम्मी होते.

आता तुमचा दिवस या हिशोबात मांडून बघा. उठणं साडेपाचला. डबे, पोळ्या, मुलाची शाळेची तयारी. मग घोडबंदर रोडच्या गर्दीतून टीएमटीची बस, ठाणे स्टेशनचा पूल, ट्रान्स-हार्बर लोकलच्या प्लॅटफॉर्मवरची रेटारेटी आणि ऐरोली. नाश्ता ऑफिसच्या कँटीनमध्ये साडेनऊला, गोळी त्यानंतर. म्हणजे दिवसातले सगळ्यात कष्टाचे चार तास तुम्ही जवळजवळ कॉर्टिसॉलशिवाय काढता. साडेनऊची गोळी दुपारी चारपर्यंत जवळपास संपलेली असते, आणि नेमकी तेव्हाच तुमची मीटिंग. मग रात्री साडेनऊला पुन्हा १० मिलिग्रॅम, जेव्हा शरीराला ते सगळ्यात कमी हवं असतं. झोप उथळ होते, सकाळी उठवत नाही. तुम्हाला वाटतं आजार बळावला. मला वाटतं, २० मिलिग्रॅम चुकीच्या वेळी पोटात जातंय.

मोठ्या माणसाला दिवसाला सर्वसाधारणपणे १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन लागतं, दोन किंवा तीन भागांत. तुमची एकूण मात्रा त्यात बसते, त्यामुळे वाढवण्याआधी वाटणी बदलून बघावी. बऱ्याच रुग्णांना १० उठल्याउठल्या, ५ दुपारी बाराच्या सुमारास आणि ५ चारच्या आत असं मानवतं. शेवटची गोळी झोपेच्या निदान चार ते सहा तास आधी व्हायला हवी. हे तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्यांच्याशी बोलूनच बदला, कारण वजन, बाकीची औषधं आणि रक्तदाब मला इथून दिसत नाही. पण ‘वेळा बदलता येतील का?’ हे विचारायला संकोच करू नका. ओपीडीच्या घाईत रुग्णाने विचारलं नाही तर १-०-१ वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं.

सकाळी उठवत नसेल तर एक साधी युक्ती आहे. उशाशी पाण्याचा तांब्या, गोळी आणि दोन बिस्किटं ठेवा. खऱ्या उठण्याच्या पाऊण-एक तास आधीचा गजर लावा, गोळी घ्या, बिस्किट खा, परत आडवं व्हा. साडेपाचला उठाल तेव्हा औषध कामाला लागलेलं असेल. ‘स्टेरॉइड रिकाम्या पोटी नको’ हा सल्ला मोठ्या मात्रांसाठी जास्त खरा आहे. या मात्रेला बिस्किटाचा आधार पुरतो. काही डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोनऐवजी प्रेडनिसोलोन देतात, ३ ते ५ मिलिग्रॅम. ते जास्त वेळ टिकतं, म्हणून दिवसातून एकदाच, फार तर दोनदा लागतं. ज्यांची दुपारची गोळी हमखास विसरते त्यांना ते सोयीचं पडतं.

हा गजर घड्याळाला नाही, तुमच्या जाग येण्याला बांधलेला आहे, हेही लक्षात ठेवा. ऐरोली-महापे पट्ट्यात रात्रपाळी करणारे पुष्कळ जण आहेत. पाळी संध्याकाळी सातला सुरू होणार असेल आणि तुम्ही चारला झोपून उठत असाल, तर चार वाजता तुमची ‘सकाळ’. पहिली मोठी मात्रा तेव्हा.

घरात कुणी ना कुणी म्हणणारच, ‘स्टेरॉइड किती दिवस घेणार, कमी कर.’ मंडळी काळजीने बोलतात. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेने घेतलेलं स्टेरॉइड त्यांनी कुणाकडे तरी पाहिलेलं असतं. तुमचं प्रकरण निराळं आहे. शरीर जे बनवत नाही तेवढंच तुम्ही बाहेरून भरता. ते थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. हे वाक्य सासूबाईंना, नवऱ्याला आणि भावाला एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. तुम्ही सांगून त्याला वजन येणार नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल’बद्दल थोडंसं. हायड्रोकॉर्टिसोन चालू असताना मधेच केव्हातरी काढलेल्या कॉर्टिसॉलच्या आकड्यावर मात्रा ठरत नाही. गोळी घेऊन किती वेळ झाला यावर तो आकडा हेलकावे खातो. त्यावर पैसे घालवू नका. मात्रा ठरते ती वजन, भूक, रक्तदाब, झोप आणि दिवसभराची उभारी पाहून. फ्लुड्रोकॉर्टिसोनसाठी मात्र सोडियम, पोटॅशियम आणि जमल्यास रेनिन (अंगात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं जे जास्त सोडतात ते द्रव्य) उपयोगी पडतात.

आता मीठ. या आजारात कॉर्टिसॉलइतकाच अल्डोस्टेरॉनचाही, म्हणजे अंगातल्या क्षारांचा तोल राखणाऱ्या संप्रेरकाचाही, तुटवडा असतो. त्यामुळे मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवू शकत नाहीत आणि पोटॅशियम साचत जातं. फ्लुड्रोकॉर्टिसोन ही त्याची भरपाई. ठाण्याच्या मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावरच्या ऑक्टोबरच्या उन्हात घामावाटे मीठ आणखी जातं. मला दरवर्षी याच दोन हंगामांत ‘डॉक्टर, पाय ओढवत नाहीत’ हे जास्त ऐकू येतं. खारट खावंसं वाटतं, लोणच्याच्या बरणीकडे हात जातो, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, गर्दीत घेरी येते. हा थकवा झोपून जात नाही. शनिवारभर झोपूनही तुम्हाला बरं वाटत नाही, त्याचं एक कारण इथे असू शकतं.

घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर हे करून पाहा. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब घ्या, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा घेरी आली, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. फ्लुड्रोकॉर्टिसोनची अर्धी गोळी म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. ही सुरुवातीची मात्रा असते आणि अनेकांना त्याहून जास्त लागते. शिवाय उन्हाळ्यात काही काळासाठी ती वाढवावी लागते. पण स्वतःच्या मनाने नाही, कारण जास्त झाली तर पाय सुजतात, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उलट खाली जातं. ‘मीठ कमी खा’ हा सगळ्या जगाला दिलेला सल्ला तुमच्यासाठी नाही, एवढं मात्र पक्कं. रक्तदाब मुळातच जास्त असेल तर गोष्ट वेगळी.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि सोडियम त्यामानाने कमी. आपल्याकडे आजारी माणूस म्हटलं की शहाळं ठरलेलं, इस्पितळाच्या दारात शहाळ्यांची गाडी उभीच असते. तुमचा पोटॅशियमचा आकडा चांगला असेल तर अधूनमधून एखादं शहाळं प्यायल्याने काही बिघडणार नाही. पण रोज नको, आणि ज्या दिवशी घेरी येते, मळमळतं, त्या दिवशी तर मुळीच नको, कारण तेव्हा नेमकं पोटॅशियम वाढलेलं असण्याची शक्यता असते. सासूबाईंना ‘नको’ म्हणू नका, त्यांच्या हातात दुसरं काम द्या: मीठ घातलेलं ताक, मीठ जरा सढळ टाकलेलं लिंबूसरबत, भाताची पेज. कामावर जाताना बाटलीत हेच न्या. आणि दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं ते घरात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

काढ्यातलं ज्येष्ठमधही तपासा. सर्दीचा घरगुती काढा, खोकल्याच्या गोळ्या, विड्यातली कांडी, कुठेही ते असतं. कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारं मूत्रपिंडातलं एक एन्झाइम ज्येष्ठमध अडवतं, त्यामुळे ते रोज घेतलं तर रक्तदाब आणि क्षारांचं गणित बिघडतं आणि मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरला चकवा बसतो. एकदा चघळलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता दगदगीच्या दिवशीची अर्धी गोळी. नेहमीच्या थकव्यासाठी नको. लग्नघरी पाहुण्यांचं करणं, ऑफिसची डेडलाइन, पाठोपाठ दोन रात्री कमी झोप, यासाठी जास्त घ्यायला लागलात की आठवड्यातून एकदाची सवय तिनदाची होते आणि सहा महिन्यांत तीच तुमची नवी मात्रा बनते. वर्षानुवर्षं जास्त घेतलेलं हायड्रोकॉर्टिसोन हाडं पोकळ करतं, वजन, साखर, रक्तदाब वाढवतं, आणि मजा अशी की झोप बिघडवून थकवाही वाढवतं. कळसूबाईसारखा दिवसभराचा ट्रेक किंवा लांब पल्ल्याची धावण्याची स्पर्धा असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून जादा मात्रा ठरवता येते. रोज संध्याकाळी उपवनला चक्कर मारायला ती लागत नाही.

पण ताप आला तर उलट नियम, आणि तो चुकता कामा नये. अंगात १००.४ च्या वर ताप गेला की दिवसाची हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट. १०२.२ च्या वर गेला तर तिप्पट. ताप उतरेपर्यंत, बहुधा दोन-तीन दिवस, आणि मग परत नेहमीची. पावसाळ्यात ठाणे आणि नवी मुंबईत डेंगी, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस असतातच, त्यामुळे मात्रा वाढवून थांबू नका, तापाचं कारणही शोधायला लावा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर परत घ्या. तीही उलटून पडली, किंवा जुलाब थांबेनात, तर गोळीवर भरवसा संपला. १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मांडीत, आणि तडक रुग्णालय. ‘आधी सलाईन लावून बघू’ असं कुणी म्हणालं तर सलाईन हवंच, पण त्यासोबत हायड्रोकॉर्टिसोन आत्ता, हे ठासून सांगा. शस्त्रक्रिया किंवा मोठी दातांची कामं असतील तरी डॉक्टरांना आधी कळवा, तेव्हाही मात्रा वाढवावी लागते.

ते इंजेक्शन तुमच्याकडे आहे का? तुमच्या मजकुरात उल्लेख नाही म्हणून विचारतो. कुपी, सिरिंज, सुई, मिसळायचं पाणी असा एक संच घरी आणि एक पर्समध्ये हवा. २६ जुलै २००५ सारखा दिवस सोडा, साध्या जोरदार पावसातही लोकल थांबतात आणि घोडबंदर रोड तासन्‌तास जाम होतो. रुग्णवाहिकेला १०८ लावलात तरी तिलाही त्याच रस्त्याने यायचं असतं. नवऱ्याला आणि ऑफिसमधल्या एका विश्वासू मैत्रिणीला इंजेक्शन द्यायला शिकवून घ्या, क्लिनिकमधली नर्स दहा मिनिटांत शिकवते. संच उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, आणि मुदतीची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका. पाकिटात एक कार्ड: ‘अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा आजार, स्टेरॉइड थांबवू नये, उलटी किंवा बेशुद्धी असल्यास ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम.’ मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही.

साधा थकवा आणि धोक्याचा थकवा यांतला फरक इथेच कळायला हवा. पाय दुखतात, डोळे मिटतात, पण जेवण जातं आणि उभं राहता येतं, तर तो साधा. थकव्यासोबत मळमळ, पोटात कळ, उभं राहिल्यावर अंधारी, बोलण्यात गोंधळ, यांतलं काही आलं तर झोपायला जाऊ नका. ‘जरा पडते, बरं वाटेल’ हे अशा वेळी सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे.

उपवासाचं. निर्जळी उपवास नको, यावर मी घासाघीस करत नाही. गोळ्या रोजच्या वेळी घेऊन, साबुदाणा, वरी, ताक, फळं असं काहीतरी दर तीन-चार तासांनी खात असाल, तर एकादशीला हरकत नाही. उपवासाला सैंधव चालतं, आणि सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, तेव्हा तेवढं सोयीचं आहे. नऊ दिवस सलग मात्र टाळा. उठता-बसता मन खात असेल तर पहिला आणि शेवटचा दिवस धरा. पुष्कळ घरांत असंच करतात आणि देवीचा कोप झाल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

वेळा आणि मीठ बसल्यावरही थोडा थकवा उरेल, हे आधीच सांगून ठेवतो. उपचार उत्तम असलेल्या अनेक अ‍ॅडिसन रुग्णांना तो राहतो. कोणतीही साधी गोळी पहाटेची ती चढण हुबेहूब उभी करू शकत नाही. उरलेल्या थकव्याशी भांडण्यापेक्षा दिवस वेगळा रचा. उभं राहून, डोकं लावून करायची कामं गोळी लागू झाल्यावरच्या दोन-तीन तासांत. पोळ्यांना बाई लावता येत असेल तर लावा, यात कमीपणा काही नाही. सगळी धुणी, बाजार, साफसफाई सुटीच्या एकाच दिवशी काढायची आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळायचं, हे चक्र आधी मोडा. बाजार बुधवारी संध्याकाळी स्टेशनवरून येता येता गावदेवीच्या मंडईत अर्धा झाला तरी सुटीचा दिवस हलका होतो. दुपारी वीस मिनिटं पाठ टेकता आली तर टेका, दोन तास नको. दोन आठवडे एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: गोळीच्या खऱ्या वेळा, चारला कसं वाटलं, झोप कशी लागली. मोबाईलवरची पंधरा रकान्यांची अ‍ॅप कुणी चार दिवसांपलीकडे भरलेली मला दिसली नाहीत.

यानंतरही उभारी येत नसेल तर थकव्याचं खापर अ‍ॅडिसनवर फोडून मोकळं होऊ नका. तुमचा अ‍ॅडिसन ऑटोइम्यून प्रकारचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते तो) असेल, तर थायरॉईड कमी होणं, बी-१२ ची कमतरता, टाइप १ मधुमेह, सिलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार) हेही सोबत येऊ शकतात. टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२, साखर वर्षातून एकदा तरी तपासावी. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर लोह पाहा. आणि मन सतत खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही स्पष्ट सांगा, त्याला उपचार आहेत. आपल्याकडे अ‍ॅडिसनचं आणखी एक मोठं कारण क्षयरोग. तुमचं निदान त्यातून झालं असेल आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध चालू असेल, तर ते औषध यकृतात कॉर्टिसॉल झपाट्याने संपवतं, मात्रा वाढवावी लागते. हे कुणी सांगितलं नसेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता या आठवड्यातच विचारा.

नोकरीबद्दल. आधी सहा-आठ आठवडे नव्या वेळांवर काढा. मग डॉक्टरांकडून ऑफिससाठी एक पत्र घ्या. त्यात आजाराची पोथी नको, फक्त मागण्या: दुपारची गोळी आणि पाणी-ताक घ्यायला पाच मिनिटं, महत्त्वाच्या मीटिंग शक्यतो सकाळी अकराच्या आसपास, गर्दी टाळता येईल अशी ऑफिसला येण्या-जाण्याची वेळ, जमल्यास आठवड्यातले दोन दिवस घरून काम, आणि मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी घरून काम विनाचर्चा. शेवटच्या मागणीला बहुतेक मॅनेजर लगेच होकार देतात, कारण त्या दिवशी त्यांनाही ऑफिस गाठायचं नसतं. ट्रान्स-हार्बरला सकाळी साडेसातच्या आत आणि दहानंतर बसायला जागा मिळण्याची शक्यता बरी असते. मधल्या वेळेत उभं राहून जाण्यात जी शक्ती जाते ती ऑफिसला पोहोचेपर्यंत संपलेली असते. एवढं करूनही दिवस पार पडत नसेल तर मग नोकरी बदलण्याचं बोला, आणि तेव्हाही सोडण्याआधी कंपनीचा आरोग्य विमा कोणत्या तारखेपर्यंत चालतो ते एचआरला विचारून घ्या.